बाहेर ठेवलेला लाभ

जुना ठोकळा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे लाकडाचा, रंग उडालेला, बालवाडीच्या खोक्यात पडलेला ठोकळा येत असेल. मित्रांनो, मी तसला नाही. मला हातात घेता येत नाही आणि मी पायावर पडलो तर लागतही नाही. मी संगणकाच्या पडद्यावर राहतो. मुलांसाठी ठोकळ्यांची एक भाषा आहे. तिच्यात संगणकाला काय करायचं ते लिहून सांगावं लागत नाही, रंगीत ठोकळे माउसनं ओढून एकाखाली एक अडकवले की काम होतं. त्या भाषेत बेरजेचा ठोकळा आहे, वजाबाकीचा आहे, गुणाकार-भागाकाराचेही आहेत. संख्येचा घात काढणारा ठोकळा मात्र नाही. ज्याला हवा असेल त्यानं तो आपल्या हातानं बनवायचा. मला असंच दोन मुलींनी बनवलं.

माझा रंग गुलाबी आहे. अंगावर ‘घातांक’ असं नाव आहे आणि नावापुढे दोन पांढऱ्या खिडक्या आहेत. एकीत पाया भरायचा, दुसरीत घातांक. पायात दोन आणि घातांकात तीन भरले, की मी दोनला तीन वेळा घेऊन गुणतो आणि आठ हे उत्तर देतो. काम एवढंच. पण एवढ्या कामावर मी एके काळी फार ऐट मारली आहे, ते आधीच सांगून टाकतो. ठोकळ्याला कान कुठले आणि डोळे कुठले, असं विचारू नका. आपली गोष्ट सांगायला बसलेल्या वस्तूला सगळं ऐकू येतं आणि सगळं दिसतं, हा जुना रिवाज आहे, तो मी मोडणार नाही.

माझा जन्म मुखेडच्या एका शाळेतला. शाळेच्या टोकाला एक खोली होती, तिला सगळे संगणककक्ष म्हणायचे. यंत्रं कमी आणि मुलं जास्त, म्हणून एका संगणकासमोर दोघं दोघं बसायचे. खिडकीजवळच्या यंत्रासमोर लुंबिनी आणि अक्षरा बसायच्या. दोघी सातवीत. लुंबिनी कळफलक सांभाळायची आणि अक्षरा माउस. ही वाटणी कुणी करून दिली नव्हती. लुंबिनी कमी बोलायची आणि तिला टाइप करायला आवडायचं. अक्षराचा हात एका जागी ठरत नसे, म्हणून माउस तिच्याकडे गेला आणि तिथंच राहिला.

दोघींची ओळख शाळेच्या आधीची. अक्षराचे वडील विरूपाक्षअप्पा, त्यांचं मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अडतीचं दुकान होतं. लुंबिनीचे वडील नरसिंग त्याच दुकानात मापाडी होते. शेतकऱ्यांचा माल आला की काट्यावर लावायचा, पोती मोजायची आणि मोजताना मोठ्यानं आकडा पुकारायचा, हे त्यांचं काम. सुट्टीत दोघी पोत्यांच्या थप्पीवर चढून बसायच्या आणि त्यांच्या पुकाऱ्यामागे आपणही ओरडायच्या. त्या दुकानात त्यांची मैत्री झाली. एक मालकाची मुलगी आणि एक मापाड्याची, हे त्या दोघी सोडून बाकी सगळ्यांच्या ध्यानात होतं.

त्या वर्षी गणिताच्या पुस्तकात घातांकाचा धडा आला. गणित शिकवायला आनंदराज सर होते आणि संगणककक्षाची किल्लीही त्यांच्याच खिशात असायची. सर म्हणाले, “पाठ करू नका. ठोकळ्यांकडून करून घ्या. कुणाला जमतंय बघू.”

बाकीच्यांनी पडद्यावरच्या बेडकाला उड्या मारायला लावलं. या दोघी हट्टाला पेटल्या. त्यांनी मला गुलाबी रंगात जन्माला घातलं, दोन खिडक्या पाडल्या, आणि माझ्या पोटात ‘पुन्हा पुन्हा करा’ म्हणणारा ठोकळा बसवला. घातांकात जितका आकडा, तितक्या वेळा डबीतल्या संख्येला पायानं गुणायचं. उत्तर साठवायला एक डबी केली होती आणि उत्तर बोलून दाखवायला अक्षरानं एक पोतं काढलं होतं. तोंडाला सुतळी बांधलेलं, पोट सुटलेलं, सोयाबीनचं. त्या पोत्यावर माउसनं टिचकी मारली की ते आकडे विचारायचं आणि उत्तर त्याच्या तोंडातून फुग्यात यायचं.

पहिलं उत्तर आलं शून्य. दुसरं शून्य. पायात नव्व्याण्णव घातले तरी शून्यच.

“हे तर सगळ्यालाच भोपळा देऊन राहिलंय,” अक्षरा म्हणाली.

लुंबिनी पडद्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “डबीत आधी काहीच न्हाई गं. शून्याला कितीबी गुणलं तरी शून्यच येणार की.”

“मग आधी काय टाकायचं?”

लुंबिनीनं थोडा विचार केला आणि तिला हसू आलं. “पप्पा पोती मोजताना काय म्हणतेत?”

मित्रांनो, हे तुम्हाला सांगायला हवं. मोंढ्यात माल मोजताना पहिल्या मापाला कुणी ‘एक’ म्हणत नाही. ‘लाभ’ म्हणतात. लाभ, मग दोन, मग तीन. काटे इलेक्ट्रॉनिक आले तरी ही रीत गेलेली नाही. मोजणीची सुरुवात शुभ शब्दानं व्हावी, एवढाच त्यातला भाव. तर दोघींनी त्या डबीचं नाव बदलून ‘लाभ’ ठेवलं आणि एक नारिंगी ठोकळा आणला. ‘लाभ ला १ करा’ असं त्यावर लिहिलेलं होतं. अक्षरानं त्यावर टिचकी मारली. मग पाया दोन, घातांक तीन. पोत्याच्या तोंडून आठ आले.

दोघींनी एकमेकींच्या पाठीत असे काही धपके मारले की सर धावत आले. मला वाटलं, आपण जग जिंकलं.

पण लगेच पायात तीन आणि घातांकात दोन भरले, तर नऊच्या जागी बहात्तर आले. सरांनी डबीत बोट घालून दाखवलं, म्हणजे पडद्यावर हो. आधीचे आठ डबीत तसेच राहिले होते आणि मी त्यांनाच पुढं गुणत सुटलो होतो. यात माझी चूक नव्हती. मला जे हातात दिलं ते मी गुणलं. दर नव्या हिशेबाआधी डबीत पुन्हा एक यायला हवा होता.

“तो नारिंगी ठोकळा बाहेर कशाला ठेवलाय?” सर म्हणाले. “ह्याच्या पोटात सगळ्यात वर लावून टाका. दर वेळेला आपोआप एक होईल.”

ते अगदी खरं होतं. अर्ध्या मिनिटाचं काम. पण अक्षरानं मान हलवली.

“राहू द्या की सर. ते मी म्हणते. हिचे पप्पा पण दर ढिगाला नव्यानं लाभ म्हणतेत. ही आकडे टाकती, मी लाभ म्हणते. न्हाईतर माउस धरून मी काय करू?”

सर हसले आणि पुढच्या यंत्राकडे गेले. त्यांनी तेव्हा कान धरून तो ठोकळा माझ्या पोटात बसवायला लावला असता, तर ही गोष्ट इथंच संपली असती. तुम्हालाही लवकर खेळायला जाता आलं असतं.

अशी आमची रीत पडली. नारिंगी ठोकळा माझ्या शेजारी, पण सुटा, मोकळ्या जागेत. अक्षरा त्यावर टिचकी मारायची आणि तोंडानं म्हणायची, “लाभ.” मग लुंबिनी आकडे टाकायची. मग मी. आम्ही तिघं मिळून एक उत्तर द्यायचो. दोनचा दहावा घात एक हजार चोवीस. सातचा तिसरा तीनशे त्रेचाळीस. एकदा लुंबिनीनं घातांकात शून्य टाकला आणि उत्तर एक आलं. ती चकित झाली. “एकदाबी गुणलं न्हाई, तरी लाभ उरला,” ती म्हणाली. पायात नऊ आणि घातांकात नव्व्याण्णव टाकले तेव्हा तर उत्तर इतकं मोठं झालं की ते मावेना आणि आकड्यांच्या मध्येच एक इंग्रजी अक्षर उगवलं. अक्षरा म्हणाली की पोतं फुटलं, आणि दोघी बाकावर डोकं ठेवून हसत सुटल्या. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस ते. तेव्हा कळले नाहीत.

पालकसभेला नरसिंग आले होते. पायातल्या चपला दाराबाहेर काढून ते आत आले, तशी गरज नव्हती तरी. अक्षरानं त्यांना ओढत यंत्रापुढे आणलं आणि लाभ म्हणून दाखवलं. ते वाकून बघत राहिले.

“म्हंजे हे पण लाभच म्हणतंय व्हय?”

“ते न्हाई काका, मी म्हणते,” अक्षरा म्हणाली. “ते मुकं हाय.”

नरसिंग फार खूश झाले. जाताना त्यांनी पडद्यावरच्या पोत्याला लांबूनच हात केला. मी मुका आहे हे ऐकून मला जरा लागलं होतं, पण ते मी विसरलो.

मग उन्हाळा आला. शेवटच्या तासाला दोघी यंत्रापुढे बसल्या तेव्हा काहीतरी बिनसलंय हे मला कळलं. अक्षरा माउस नुसता फिरवत होती. विरूपाक्षअप्पा मुखेडचं दुकान बंद करून लातूरला चालले होते. तिथं अक्षराच्या काकांचं दुकान होतं. शिवाय लातूरला शिकली तर पोरीचं नशीब उघडेल, डॉक्टर होईल, असं घरात सगळ्यांनी ठरवलं होतं. आपल्याकडे शिक्षणाच्या गोष्टीत लातूरचं नाव निघालं की त्यापुढे कुणी बोलत नाही.

“हिवाळ्यात नांदेडला विज्ञान प्रदर्शन हाय,” लुंबिनी म्हणाली. “सर म्हणलेत, हेच न्यायचं.”

“मी येणार की.”

“लातूरहून?”

“लातूर काय अमेरिकेत हाय? बसमधी बसलं की नांदेड. मी येणार. लाभ मीच म्हणणार. तू नको म्हणू. आईची शपथ घे.”

लुंबिनीनं शपथ घेतली. अक्षरानं नारिंगी ठोकळ्यावर टिचकी मारली, लाभ म्हणाली, आणि त्याच स्थितीत मला साठवून ठेवलं. डबीत एक होता. मग दिवे गेले, दार लागलं, आणि उन्हाळाभर माझ्यावर अंधार.

जूनमध्ये लुंबिनी एकटी आली. ती तिच्याच जागी बसली, कळफलकापुढे. माउस शेजारच्या जागेपुढे होता तो तिनं हात लांब करून वापरला, जवळ ओढला नाही. तिनं मला उघडलं, दोन आणि चार टाकले. सोळा आले. डबीत आधीचा एक होताच, त्यामुळे पहिलं उत्तर बरोबर येणारच होतं. पुढचं मात्र चुकलं असतं. मी वाट बघितली की ही आता नारिंगी ठोकळ्यावर टिचकी मारील.

तिनं मारली नाही. तिनं मला न साठवता बंद केलं आणि पुन्हा उघडलं. पुन्हा डबीत अक्षरानं ठेवलेला एक आला. मग तिनं पुढचे आकडे टाकले. उत्तर आलं. पुन्हा बंद, पुन्हा उघड.

मित्रांनो, हिवाळ्यापर्यंत ती असंच करत राहिली. एक टिचकी चुकवायला ती दर हिशेबाला मला झोपवायची आणि उठवायची. यंत्र जुनं, उघडायला वेळ लावायचं. ती गालाला हात लावून बसायची. मी काय बोलणार, मुका. एकदा तिच्या शेजारी दुसरी मुलगी बसायला आली, तर लुंबिनी तिला म्हणाली, “इथं अक्षरा बसती.” ती मुलगी म्हणाली, “ती तर गेली की गाव सोडून.” लुंबिनीनं तरी जागा दिली नाही.

हे आनंदराज सरांच्या नजरेतून सुटलं नाही. एक दिवस ते शेजारी उभे राहिले.

“लुंबिनी, बाळा, तो ठोकळा आत टाक आता.”

“न्हाई सर. प्रदर्शनाला अक्षरा येणार हाय.”

“आली तर आनंदच आहे. पण समजा...”

“तिनं शपथ घेतली सर,” लुंबिनी म्हणाली. खरं तर शपथ हिनं घेतली होती. अक्षरा नुसती म्हणाली होती. पण लुंबिनीच्या मनात दोन्हीचं एकच झालं होतं, आणि सरांना ते ठाऊक नव्हतं.

दिवाळीत अक्षरा मुखेडला येईल असं नरसिंग सांगत होते. ते आता दुसऱ्या अडतीवर कामाला लागले होते. पण अप्पांनी इथलं घर विकलं, मग येणार कुणाकडे. आधी तालुक्याचं प्रदर्शन मुखेडलाच झालं. परीक्षकांनी दोनचा दहावा घात एकदाच काढून बघितला, पोत्याला हसले आणि मला जिल्ह्याला निवडलं. लुंबिनीनं सरांच्या फोनवरून अक्षराला तारीख कळवली. नांदेडचा पत्ता कळवला. पलीकडून शब्द आला नाही, नुसता उभा अंगठा आला. लुंबिनीनं तो सरांना दोनदा दाखवायला लावला.

“येते म्हणली,” ती म्हणाली.

सरांनी फोन खिशात ठेवला.

नांदेडला मला शाळेच्या लॅपटॉपमधून नेलं. मोठं सभागृह, ओळीनं टेबलं, कुणाचा ज्वालामुखी, कुणाचं ठिबक सिंचन, कुणाचा कचऱ्यातून वीज काढणारा डबा. आमच्या टेबलावर जाड कागदावर दोन नावं लिहिली होती. कुमारी लुंबिनी आणि कुमारी अक्षरा. अक्षराच्या नावाशेजारी ‘अमुक शाळा, लातूर’ असं लिहावं की नाही यावर सरांनी बराच विचार केला होता आणि शेवटी नुसतं नाव ठेवलं होतं. लुंबिनीनं त्या दिवशी डोक्याला चपचपीत तेल लावून दोन वेण्या घातल्या होत्या. माउस तिनं टेबलाच्या उजव्या कडेला, रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. दाराकडे तोंड करून ती उभी राहिली.

सकाळ गेली. लातूरची बस येण्याची वेळ होऊन गेली. मग पुढची बस येण्याची वेळ झाली. दरवेळी दारात मुलींचा घोळका आला की ती टाचा उचलायची. मला ते दिसत होतं आणि मी पहिल्यांदाच मनातल्या मनात आकडे मोजणं सोडून नवस बोललो.

परीक्षक बाई आल्या. चष्मा डोक्यावर सरकवलेला, हातात पेन, चेहरा दमलेला पण प्रेमळ. त्यांनी पोतं बघितलं आणि त्यांना गंमत वाटली.

“तू केलंस?”

“आम्ही दोघींनी, बाई.”

“छान. मी चालवू?”

लुंबिनी दाराकडे बघत होती. ती नाही म्हणू शकली नाही. बाईंनी पोत्यावर टिचकी मारली, दोन आणि तीन टाकले. आठ आले. “वा,” बाई म्हणाल्या, आणि लुंबिनीचा हात पुढे येण्याआधी त्यांनी पुन्हा टिचकी मारली आणि पाच आणि दोन टाकले.

मित्रांनो, मला ठाऊक होतं काय होणार ते. डबीत आठ होते. मला थांबता येत नाही. मला ज्या कामासाठी बनवलं तेच मला करावं लागतं. मी आठला पाचानं गुणलं. चाळीस. चाळीसला पाचानं गुणलं. पोत्याच्या तोंडून दोनशे आले, मोठ्या अक्षरांत, सगळ्यांना दिसतील असे.

“पाचाचा वर्ग किती गं?” बाईंनी विचारलं.

“पंचवीस.”

“मग हे दोनशे कसे?”

लुंबिनीनं पडद्याकडे बोट केलं. “बाई, दर वेळेला आधी लाभ म्हणावं लागतं. तो नारिंगी ठोकळा. मग बरोबर येतंय.”

“मग म्हण की.”

“ते माझी मैत्रीण म्हणती.”

बाईंनी जाड कागदावरचं दुसरं नाव वाचलं आणि रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. “कुठं आहे मैत्रीण?”

“येऊन राहिली,” लुंबिनी म्हणाली.

बाई थांबल्या. वाईट नव्हत्या त्या. त्या खरंच थोडा वेळ थांबल्या, दाराकडेही बघितलं. मग त्यांच्यामागे उभे असलेले दुसरे परीक्षक घड्याळ दाखवू लागले. “बाळ, तू स्वतः म्हणून दाखव ना, मी परत चालवते,” बाई म्हणाल्या. लुंबिनीनं मान खाली घातली. तिनं टेबलाची कड घट्ट धरली होती. माउस तिथून वीतभर लांब होता. तिनं तो घेतला नाही. बाईंनी काहीतरी लिहिलं, तिच्या खांद्यावर थोपटलं आणि त्या ज्वालामुखीकडे वळल्या.

सरांनी खिशातून फोन काढला, लातूरला लावला आणि लुंबिनीच्या हातात दिला. सभागृहात इतका गोंगाट होता की तिनं आवाज मोठा करून फोन माझ्यासमोर टेबलावर ठेवला आणि त्यावर वाकली. त्यामुळे ते बोलणं मी शब्दन् शब्द ऐकलं. ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

“हॅलो? सर का?” अक्षराचा आवाज थोडा बदलला होता.

“मी लुंबिनी.”

“अगं लुंबे! कशी हायस? आज टेस्ट होती गं. आत्ताच आले क्लासहून. बोल की.”

“प्रदर्शन हाय आज. नांदेडला.”

“आज व्हय? माझ्या ध्यानातच न्हाई राहिलं बघ. कसं झालं मग?”

“तुझं लाभ राहिलं ना,” लुंबिनी म्हणाली. “त्यामुळं चुकलं.”

“कसलं लाभ?”

पलीकडे अक्षरानं आठवायचा प्रयत्न केला असावा. मग ती हसली. मन दुखवायला हसली नाही, तिला खरंच गंमत वाटली.

“अच्छा, ते ठोकळ्याचं. तू अजून बाहेरच ठेवलंस का? अगं आत टाकून दे की. मी काय दर वेळेला तिथं येणार हाय का?” मागून कुणीतरी तिला हाक मारली. “चल, ठेवते. आमची जेवायची वेळ झाली. काकांना नमस्कार सांग... म्हणजे तुझ्या पप्पांना.”

“हाव,” लुंबिनी म्हणाली.

फोन बंद झाला. सर शेजारी उभे होते. त्यांनी दुसरीकडे तोंड फिरवून रुमाल काढला आणि चष्मा पुसला.

मग लुंबिनीनं माउस जवळ घेतला. पहिल्यांदाच. ती रडत नव्हती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं नारिंगी ठोकळ्यावर बाण नेला, पण टिचकी मारली नाही. शपथ तिनं शेवटपर्यंत मोडली नाही. तिनं तो नुसता धरला, हळूहळू ओढत आणला आणि माझ्या पोटात सगळ्यात वर सोडला. खट्ट झालं. तो बसला. जिथं तो पहिल्या दिवसापासून असायला हवा होता, तिथं बसला.

तिनं दोन आणि तीन टाकले. आठ आले. पाच आणि दोन टाकले. पंचवीस आले. सात आणि तीन, तीनशे त्रेचाळीस. बंद न करता, पुन्हा न उघडता, एकामागून एक, सगळी बरोबर.

“आता चुकत न्हाई सर,” ती म्हणाली.

सर म्हणाले, “हो बाळा.”

त्या दिवसाला बरीच वर्षं झाली. मी त्यानंतर कधीच चुकलो नाही. सरांनी माझी प्रत सगळ्या यंत्रांवर टाकली. दरवर्षी घातांकाचा धडा आला की नवी मुलं मला उघडतात, आकडे भरतात, उत्तर उतरवून घेतात आणि बंद करतात. पोतं तेच आहे. डबीचं नाव लाभ का, असं एकदोघांनी विचारलं, पण सांगायला कुणी नव्हतं. आनंदराज सरांची बदली झाली. लुंबिनी आठवी झाली तशी दुसऱ्या शाळेत गेली. आठवीच्या उरलेल्या दिवसांत ती संगणककक्षात यायची, तेव्हा दुसरं काहीतरी उघडायची. हुशार होती, पुढे गेली असेल. अक्षराही गेली असेल. तिच्यावर मी रागावलेला नाही. लातूरला तिचे दिवस कसे जात होते, तिला किती वाजता उठवत होते, रात्री ती कुणाच्या आठवणीनं रडत होती का, हे मला कुठं ठाऊक आहे. माणूस नव्या जागी गेलं की जुन्या जागेचं काहीतरी सुटतंच. तिचा तेवढाच एक ठोकळा सुटला.

मला घेऊन जो तो एकटा बसतो आता. माझ्या कामाला दुसऱ्या कुणाची गरज उरलेली नाही. लोक याला सुधारणा म्हणतात, आणि गणिताच्या बाजूनं बघितलं तर ती आहेच. पण मी सगळी उत्तरं बरोबर देतो त्या सगळ्या दिवसांपेक्षा, मी एकटा काहीच धड करू शकत नव्हतो ते दिवस मला जास्त आठवतात. अजून कुणी दोघं हसत आत आले की मला वाटतं, आता एक जण माउस धरील आणि मोठ्यानं काहीतरी म्हणेल. कुणी म्हणत नाही. गरजच नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गावं सोडाल, नव्या शाळेत, नव्या शहरात जाल. जावंच लागतं, त्याला इलाज नाही. पण जाताना कुणाला ‘मी येणार’ म्हणून गेला असाल, तर मागे कुणीतरी तुमची जागा अडवून बसलेलं असतं, हे ध्यानात ठेवा. ते माणूस तुमचं काम स्वतःच्या हातानं करणार नाही. वेळ लागला तरी चालेल, चूक झाली तरी चालेल, पण करणार नाही. जमेल तेव्हा येऊन जा. जमणार नसेल, तर नुसता अंगठा पाठवू नका. ‘येत नाही’ एवढं सांगा. वाईट वाटेल, रडू येईल, पण माणूस मोकळं होतं. लुंबिनीला तेवढं कुणी सांगितलं असतं, तर त्या दिवशी भरल्या सभागृहात बाईंनी विचारलं तेव्हा ती ‘येऊन राहिली’ म्हणाली नसती.